सव्वा इंचावर अडलेलं टेबल

काकूंना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे, माप राहत असे. रस्त्यात कुणी हात केला की त्या आधी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एक नजर टाकत, मनात आकडे जुळवत आणि ओळख पटली की म्हणत, "हां हां, छाती चौतीस, डावा खांदा पाव इंच खाली. बरी आहेस ना?" समोरची बिचारी भर रस्त्यात चौतीसची होऊन उभी राही. मधल्या काळात तिची छत्तीस झाली असेल तर तेही काकू सांगत. अशा गोष्टी मनात ठेवायच्या असतात हे त्यांना बत्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं असतं अशातला भाग नाही.

बत्तीस वर्षं काकू लोकांचे कपडे शिवत होत्या. घराच्या मागच्या अंगाला नऊ फूट बाय सात फुटांची एक खोली होती. घरातले तिला शिवणाची खोली म्हणत आणि पाहुणे अडगळीची. आत शिरलं की डाव्या हाताला दोन मशिनं, एक पायाचं आणि एक मोटरचं. वर दोरी, दोरीवर एका बाहीचे सदरे आणि कॉलर नसलेले कोट टांगलेले. समोर खिडकी. उजव्या हाताला एक लोखंडी कपाट, जे काकूंचं नव्हतं. उरलेल्या जागेत चटई आणि चटईवर काकू. कापड पसरायचं जमिनीवर, बेतायचं जमिनीवर, कापायचंही जमिनीवर. गुडघे टेकून, हातात खडू घेऊन त्या चटईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जात, आणि तोंडात चार टाचण्या धरूनही अखंड बोलत. हाताखाली मुली आल्या, शिकल्या, गेल्या. त्यांनी मशीन चालवलं, काजं केली, अस्तरं लावली. कात्रीला मात्र काकूंनी कुणाला बोट लावू दिलं नाही. "शिलाई चुकली तर उसवता येते," त्या म्हणत. "कापलेलं कोण जोडणार? तुझा बाप?"

गळ्यात टेप. सकाळी उठल्यावर डोळ्यांवर चष्मा चढायच्या आधी गळ्यात टेप चढे. ती एकेकाळी पिवळी होती, आता तिचा रंग कोणता हे सांगणं कठीण होतं. अकरापासून अठरापर्यंतचे आकडे पार पुसून गेले होते, ते काकू बोटाने ओळखत. या टेपवर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा डॉक्टरवर नव्हता आणि नवऱ्यावर तर नव्हताच नव्हता. दोनदा त्यांनी नवी टेप आणून पाहिली होती. दोन्ही वेळा जुनीला लावून बघितली, दोन्ही वेळा नवी आखूड निघाली, आणि दोन्ही वेळा ती दुकानदाराच्या पुढ्यात टाकून, वर चार शब्द ऐकवून त्या परत आल्या. कारखानेसुद्धा आता इंच चोरायला लागले, असं त्यांचं ठाम मत झालं. कापडवाल्याशी तर त्यांचं कायमचं वाकडं होतं. गिऱ्हाइकाने अडीच मीटर म्हणून आणलेलं कापड काकूंच्या टेपवर कधी अडीच मीटर भरलंच नाही, दर वेळी तीन-चार बोटं कमी. मग काकू त्याच्या दुकानासमोर उभ्या राहून, आत गिऱ्हाईक बसलेलं बघून, मोठ्याने विचारत, "काय हो, तुमची मीटरपट्टी उन्हात आटली का?" कापडवाला हात जोडी. पुढे पुढे काकूंकडे शिवायला जाणारं कापड तो आपणहून चार बोटं जास्त सोडू लागला. काकूंच्या लेखी तो कबुलीजबाब होता.

आता एका घरात मापाचा एवढा ताठा असलेलं एक माणूस पुरे झालं असतं. या घरात दोन होती. काकूंचे यजमान चौतीस वर्षं मोजणी खात्यात मोजणीदार होते. लोकांची शेतं मोजायची, नकाशावर उतरवायची, दोन भाऊ बांधावर काठ्या घेऊन उभे असताना मधून हद्द आखून द्यायची, असं ते काम. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्यांना मोजणीदारच म्हणे. त्यांच्या कमरेला पोलादी टेप असे, बटण दाबलं की सर्रकन डबीत शिरणारी. तिने ते दिवसभर काहीबाही मोजत. दार मोजत, पाट मोजत, एकदा बाजारातून आणलेला भोपळा मोजला. "काय करायचंय मोजून?" काकू विचारत. "असावं माहीत," ते म्हणत.

या जोडप्याची भांडणं पैशावरून झाली नाहीत, सासर-माहेरावरून झाली नाहीत. इंचावरून झाली. घरातला पलंग काकूंच्या टेपने एकाहत्तर इंच होता आणि मोजणीदारांच्या टेपने त्र्याहत्तर. एकाच पलंगावर दोघं इतकी वर्षं झोपली, पण तो केवढा आहे यावर एकमत झालं नाही. "दोन्ही टेप शेजारी ठेवून बघू," असं मोजणीदार एकदा म्हणाले होते. "सोन्याशेजारी पत्रा कशाला ठेवायचा?" म्हणून काकूंनी तो विषय मिटवला. आणि त्यांचं तरी काय चुकलं? खिडकी स्वतः मोजून काकूंनी पडदा शिवला की तो तंतोतंत बसे. मोजणीदारांनी माप सांगितलं की पडदा हमखास मोठा होऊन जमिनीवर लोळे. गादीच्या खोळीचं तेच, उशीच्या अभ्र्याचं तेच. दर वेळी निकाल काकूंच्या बाजूने. ज्या माणसाच्या शब्दावर सरकारने गावंच्या गावं आखली, त्याला घरात उशी मोजायची परवानगी उरली नव्हती.

उजव्या हाताचं ते लोखंडी कपाट मोजणीदारांचं. त्यात जुन्या नकाशांच्या नकला होत्या, गुंडाळ्या होत्या, हद्दींच्या टिपणवह्या होत्या. कधी लागतील सांगता येत नाही, असं ते म्हणत. निवृत्त झाल्यापासून एकदाही काही लागलं नव्हतं. ते कपाट खोलीत दुसरीकडे सरकवलं की दार उघडत नसे, आणि खोलीबाहेर काढायला मोजणीदार तयार नसत. रोज संध्याकाळी एखादा नकाशा काढून ते पलंगावर पसरत, बघत आणि परत गुंडाळून ठेवत.

असं सगळं सुरळीत भांडण चाललेलं असताना एक दिवस काकूंचे गुडघे मध्ये पडले. त्या एका कोटाची पाठ कापत होत्या. कापून झाली, आणि उठायला गेल्या तर उठताच येईना. पहिली पाच मिनिटं त्यांनी आपण मुद्दामच बसलो आहोत असं दाखवलं. मग हाक मारली, "अहो, जरा या." मोजणीदारांनी येऊन त्यांना काखेत धरलं आणि उचललं. तेवढ्या वेळात काकूंनी त्यांना तीनदा बजावलं की कापडावर पाय देऊ नका. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे दाबून बघितले आणि सांगितलं, जमिनीवर बसणं आजपासून बंद.

"पुरे झालं आता," मोजणीदार घरी आल्यावर म्हणाले. "मशीन झाका. बत्तीस वर्षं पुष्कळ झाली." ते हे रागाने म्हणाले, कारण काळजीने कसं बोलायचं ते त्यांना येत नव्हतं.

काकू काही बोलल्या नाहीत. घरात हे इतकं नवलाचं होतं की मोजणीदारांनी दोनदा वळून बघितलं. काकू घाबरल्या होत्या. गुडघ्याला त्या घाबरल्या नव्हत्या. उद्या सकाळी उठून गळ्यात काही अडकवायचं नाही, कुणी दारातून "काकू, झालं का हो?" म्हणून हाक मारायची नाही, आणि आपण जेवायच्या वेळा मोजत बसायचं, याला त्या घाबरल्या होत्या. रात्रभर त्या या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिल्या आणि सकाळी चहा ओतताना म्हणाल्या, "मी उभ्याने कापीन. टेबल घेणार आहे मी."

गल्लीच्या तोंडाशी एक छापखाना होता, तो बंद होत होता. तिथे कागदांच्या घड्या घालायचं एक टेबल होतं. जाड फळीचं, चार भक्कम पायांचं, बरोबर काकूंच्या कमरेला येणारं. काकू लंगडत जाऊन ते आपल्या टेपने मोजून आल्या. लांबी साठ इंच. खोलीत ते कपाट आणि खिडकीची भिंत यांच्या मधेच बसणार होतं, दुसरी जागाच नव्हती. ती जागा वाकून मोजायला लागत होती आणि काकूंना वाकता येत नव्हतं, म्हणून नाइलाजाने ते काम मोजणीदारांकडे गेलं. त्यांनी पोलादी टेप लावली आणि सांगितलं, "साडेसाठ."

"म्हणजे बसतंय," काकू म्हणाल्या. "वर अर्धा इंच सुटतोय."

"तुमचे साठ आणि माझे साडेसाठ यांचं कधी पटलंय? मी येतो छापखान्यात. एकाच टेपने दोन्ही मोजू."

आता हे शहाण्यासारखं बोलणं होतं, पण शहाण्यासारखं बोलणं नवऱ्याच्या तोंडून आलं की काकूंच्या कानात ते टोमणा होऊन शिरे. त्यात वरची आलेली होती. वरची म्हणजे वरच्या मजल्यावरची शेजारीण. दिवसातून दोनदा काहीतरी मागायला येई, घेऊन मात्र बातमीच जाई. तिच्यादेखत आपल्या टेपवर शंका? काकूंनी कमरेवर हात ठेवले. "माझं माप चुकलं ना, तर मशीन झाकीन. कायमचं झाकीन. आणि तुमचं चुकलं तर?"

मोजणीदारही चिडलेले होते. "तर माझं कपाट बाहेर."

"ऐकलंस ना गं?" काकूंनी वरचीला विचारलं. वरचीने ऐकलं होतं. तासाभरात सगळ्या जिन्याने ऐकलं होतं.

शनिवारी सकाळी दोन हमाल टेबल घेऊन आले. पुढे मोजणीदार "सांभाळून, सांभाळून" म्हणत उलटे चालत होते, मागे काकू "रंग खरवडू नका" म्हणत येत होत्या, आणि जिन्यात वरची हाताची घडी घालून उभी होती. टेबल आडवं करून दारातून आत घेतलं. ते आलं. एक टोक खिडकीच्या भिंतीला लावलं. तेही लागलं. दुसरं टोक खाली सोडलं आणि ते कपाटाच्या कडेवर टेकलं. दोन पाय जमिनीवर आणि दोन पाय हवेत. हमालांनी जोर लावला. भिंतीचा टवका उडाला, कपाट कुरकुरलं, टेबल तसूभर हललं नाही.

"किती कमी पडतंय?" वरचीने जिन्यातून विचारलं.

थोरल्या हमालाने बोटं लावून बघितली. "सव्वा इंच असंल."

सव्वा इंच म्हणजे किती ते काकूंना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी टेबलाकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं आणि झाकलेलं मशीन त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागलं. त्या जवळच्या स्टुलावर बसल्या. दोघांपैकी एकाचं माप चुकलं होतं. काकूंना आपलं चुकलं नाही याची खात्री होती, पण ती पोटातून येत नव्हती, नुसती तोंडापुरती होती.

मोजणीदारांनी हात पुढे केला. "तुमची टेप द्या."

एरवी काकूंनी ती दिली नसती. त्या दिवशी दिली. मोजणीदारांनी हमालांना आणि काकूंना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. हमालांनी बिड्या काढल्या. वरची तीन पायऱ्या खाली आली. आतून पोलादी टेप सर्रकन डबीत जाण्याचा आवाज एकदा आला, दोनदा आला, बराच वेळ काहीच आला नाही, मग पुन्हा एकदा आला. दहा मिनिटांनी दार उघडलं. मोजणीदारांच्या कपाळावर घाम होता.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "जागा मीच चुकीची मोजली. टेपचं टोक नीट धरलं नव्हतं." मग त्यांनी काकूंची टेप त्यांच्या हातात दिली आणि हमालांना म्हणाले, "कपाट रिकामं करून देतो. घेऊन जा."

काकूंच्या जिवात जीव आला, आणि जीव आल्याबरोबर तोंडही आलं. "तरी मी म्हणत होते," इथून त्यांनी सुरुवात केली. मोजणीदार एकेक गुंडाळी काढून खोक्यात भरत होते आणि काकू शेजारी उभ्या राहून त्यांना मापाचं महत्त्व समजावून सांगत होत्या. दुपारपर्यंत कपाट गेलं. नकाशे पलंगाखाली गेले, जे तिथे मावले नाहीत ते रद्दीत गेले. टेबल खिडकीशी असं बसलं जसं काही खोली त्याच्याचभोवती बांधली होती.

आणि काय सांगावं, काकूंचं राज्यच सुरू झालं. त्या टेबलावर कापड एका झटक्यात पसरे आणि सुरकुती न पडता पडून राही. तिन्ही बाजूंनी फिरता येई. डोळ्यांवर खिडकीचा उजेड, हातात कात्री, आणि पाठ ताठ. पहिल्या दिवशी त्यांनी तीन सदरे आणि एक कोट कापला, आणि संध्याकाळी गुडघ्याऐवजी जीभ दुखायला लागली. कारण येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला टेबल दाखवायचं होतं आणि टेबलाबरोबर गोष्टही सांगायची होती. "चौतीस वर्षं सरकारी मोजणी," काकू हात पसरून सांगत, "आणि घरातली साडेपाच फूट भिंत मोजता आली नाही. लोकांच्या शेतांचं काय झालं असेल, देव जाणे." भिंत पाच फूटच होती, पण गोष्ट रोज थोडी वाढत होती. बायका हसून हसून टाचण्यांवर बसत. बाहेरच्या खोलीत मोजणीदार वर्तमानपत्र वाचत. त्यांना सगळं ऐकू जाई. नळावर लोक विचारायला लागले, "काय मोजणीदार, भिंत वाढली की काय?" ते म्हणत, "वय झालं." कमरेची पोलादी टेप त्यांनी काढून ठेवली होती. काकूंच्या ते लक्षात आलं होतं, पण जिंकलेल्या माणसाला बारीकसारीक गोष्टींकडे बघायला सवड नसते.

आठवड्याभराने काकूंनी सुताराला बोलावलं. टेबलाच्या पुढच्या कडेला इंचांच्या खुणा असलेली एक लाकडी पट्टी ठोकून घ्यायची होती, म्हणजे कापड पसरलं की जागच्या जागी मोजता येईल. सुताराने पट्टी आणली, कडेला धरली, दोन खिळे अर्धवट मारले आणि म्हणाला, "बघा काकू, सरळ आहे ना?"

काकूंनी गळ्यातली टेप काढून पट्टीवर लावली. सुरुवातीला जुळली. दहावर थोडी सरकली. तीसपर्यंत जवळजवळ इंचभर पुढे गेली. काकूंनी चष्म्यातून सुताराकडे बघितलं. "पट्टी खोटी आहे तुझी."

सुताराने खिशातून आपली पोलादी टेप काढून पट्टीवर ठेवली. खुणेला खूण जुळली. मग त्याने काकूंची टेप उचलली, दोन हातांत ताणली, उलटसुलट करून बघितली. "किती वर्षांची आहे?"

"तुझ्याहून मोठी."

"मग लांबली असणार. कापडाची आहे, रोजची ओढाताण." काकूंचा चेहरा बघून तो घाईने म्हणाला, "तुमच्या कपड्यांना काही होत नाही हो. माणूस मोजता हिच्यानेच, कापडही कापता हिच्यानेच. दोन्हीकडे सारखंच चुकतं, बसायचं ते बसतंच. भानगड कधी होणार? दुसऱ्याची टेप मध्ये आली तर."

काकूंनी टेबलाला हात टेकला. बत्तीस वर्षांची हजेरी त्यांच्या डोळ्यांसमोरून जायला लागली. लोळणारे पडदे. दुकानात परत नेऊन आपटलेल्या दोन नव्या, निर्दोष टेपा. तो कापडवाला, जो इतकी वर्षं हात जोडून चार बोटं कापड फुकट सोडत होता. आणि सगळ्यांच्या मागे उभे मोजणीदार, आपली टेप डब्यात ठेवून दिलेले, जे खरं होतं ते चुकलं म्हणून गल्लीभर मान खाली घालून हिंडणारे. बिचाऱ्याला वाटत असेल आपली नजर गेली, हात गेला. आणि आपण आठ दिवस त्याच्या नावाने बायका हसवल्या.

सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर काय, तेही काकूंना ठाऊक होतं. माझं माप चुकलं तर मशीन झाकीन, कायमचं, हे त्या स्वतःच्या तोंडाने बोलल्या होत्या आणि वरची साक्षीला होती. न सांगावं तर कुणाला कळणार होतं? सुताराला. सुतार आज खिळे ठोकून जाणार, त्याला पैजेचा पत्ताही नव्हता. काकूंनी टेबलावरून हात फिरवला. लाकूड गुळगुळीत होतं, कडेला छापखान्याची शाई मुरलेली होती. आठ दिवसांत त्यांना या टेबलाची सवय झाली होती, आणि या टेबलापाशी उभं राहिलं की आपण अजून उपयोगाच्या आहोत असं वाटत होतं. हे सगळं एका वाक्यासाठी द्यायचं, हे काही त्यांच्या मनाला पटत नव्हतं. कापडाखाली टेप सारावी आणि गप्प बसावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

नेमकी तेव्हाच वरची आली. काखेत कापडाची गुंडाळी, तोंडावर तयार हसू. "गाऊन शिवायचाय काकू," ती म्हणाली, आणि बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या आवाजात पुढे म्हणाली, "माप तुम्हीच घ्या हं. काकांना देऊ नका. नाहीतर माझी भिंत व्हायची."

तिला वाटलं काकू हसतील. रोज हसत होत्या. बाहेर वर्तमानपत्राचा आवाज झाला, पान उलटून पुन्हा तेच उलटल्यासारखा.

"त्यांचं बरोबर होतं," काकू म्हणाल्या.

"काय?"

"जागा साडेसाठच होती. त्यांनी बरोबर मोजली. टेबल मी चुकीचं मोजलं." काकूंनी टेप टेबलावर टाकली. त्यांचा आवाज चिडका येत होता, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात त्यांना हे बोलता आलं नसतं. "टेप लांबलीय माझी. साठ इंचांना दोन इंच खोटी आहे. जा, सांग जिन्यात सगळ्यांना."

वरचीने काखेतली गुंडाळी टेबलावर ठेवली. सुतार हातोडी धरून उभा राहिला. आणि बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

"पावणेदोन."

काकू जागच्या जागी थबकल्या. मग हळूहळू, एक हात भिंतीला लावत, त्या दारापर्यंत गेल्या. मोजणीदार वर्तमानपत्रामागे होते.

"तुम्हाला कसं माहीत?"

वर्तमानपत्र थोडं वर सरकलं.

"त्या दिवशीच मोजलीत," काकू म्हणाल्या. "दार लावून. माझी टेप मोजलीत, भिंत नाही."

"दोन्ही मोजली," मोजणीदार म्हणाले. आयुष्यभर पाळलेला नेम होता, अर्धवट मोजणी त्यांना जमत नव्हती.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. माझं चुकलं म्हणालो."

काकूंनी पदराने चष्मा पुसला आणि तो पुन्हा पुसावा लागला. आठ दिवस आपण काय काय बोललो ते त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं, आणि हा माणूस ते सगळं ऐकत वर्तमानपत्रामागे बसलेला होता, पावणेदोन हा आकडा पोटात ठेवून. "मशीन झाकायचं ठरलं होतं," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं तर. मी शब्द दिला होता. हिच्यासमोर."

मोजणीदारांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "चूक माझी असं मी चार लोकांसमोर सांगितलंय. हमालांनी ऐकलंय, जिन्याने ऐकलंय. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली मी. एकदा नोंद झाली की ती फिरवायची नसते."

"पण खोटी नोंद..."

"त्याला अर्ज करावा लागतो," मोजणीदार म्हणाले. "आणि अर्ज घेणारा साहेब मी आहे."

आत सुताराने हातोडी उचलली आणि उरलेले खिळे ठोकायला घेतले. वरची हळूच म्हणाली, "मग माझा गाऊन?" काकूंनी वळून तिच्याकडे बघितलं, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत.

"अडतीस," त्या म्हणाल्या. मग जरा थांबल्या आणि दाराकडे तोंड करून, आवाज खाली आणून विचारलं, "अहो, पावणेदोनच्या हिशोबाने किती होईल?"

मोजणीदार उठले आणि सांगायला आत आले.